उचलायच्या आधी वजन माहीत पाहिजे: बेल्ट, स्लिंग, शॅकल आणि चेन पुलीबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात वर्कशॉपमधून आणि साइटवरून जे प्रश्न आले त्यातले बरेचसे माल उचलण्याबद्दलचे आहेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मशीन घेताना दहा कोटेशन मागवतात, पण ते मशीन ज्या बेल्टवर लटकणार तो बेल्ट कोणीतरी "जा रे, कोपऱ्यातनं घेऊन ये" म्हणून आणलेला असतो.

प्रश्न: सर, आमचं भोसरीला छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. साधारण २ टनाची फ्रेम ट्रकमध्ये चढवायची होती, १-१ टनाचे दोन नवीन बेल्ट लावले, एक आणि एक दोन असा हिशोब धरला. पण उचलताना फ्रेम मधेच आत वाकली आणि एक बेल्ट कडेला अर्धा चिरला. नशीब खाली कोणी नव्हतं. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला का?

दुकानदाराला दोष द्यायच्या आधी एक सांगा, उचलताना दोन बेल्टमधला कोन किती होता? तुम्ही लिहिलेलं नाही, पण फ्रेम आत वाकली यावरून बेल्ट लांबीला कमी होते आणि अगदी पसरट लागले होते हे नक्की.

एक आणि एक दोन हा हिशोब दोन्ही बेल्ट सरळ उभे लटकत असतील तरच बरोबर येतो. बेल्ट तिरका झाला की त्याच्यावरचा ताण वाढतो आणि तो हळूहळू नाही, शेवटी शेवटी भसकन वाढतो. तुमच्याच २ टनाच्या फ्रेमचं बघा. बेल्ट जमिनीच्या पातळीशी ६० अंशात असेल तर प्रत्येक बेल्टवर साधारण १.१५ टन येतात, ४५ अंशात १.४ टन, ३० अंशात पूर्ण २ टन, म्हणजे एकेका बेल्टवर अख्ख्या फ्रेमचं वजन, आणि १५ अंशात जवळपास ३.९ टन. फ्रेम तीच, बेल्ट तेच, फक्त कोन बदलला. शिवाय ३० अंशात तोच बेल्ट फ्रेमला दोन्ही टोकांकडून आत दाबतो, साधारण पावणेदोन टनाने, म्हणून तुमची फ्रेम वाकली. ती वजनाने वाकलेली नाही, तुम्हीच ती दोन्ही बाजूंनी चेपलीत.

कोन मोजायला कोणी प्रोट्रॅक्टर घेऊन फिरत नाही, म्हणून साधी सवय ठेवा: जिथे जिथे बेल्ट अडकवणार त्या दोन पॉइंटमधलं अंतर टेपने मोजा आणि बेल्टची हुकापर्यंतची लांबी निदान तेवढी तरी ठेवा. दोन्ही सारखे असले की तिन्ही बाजू सारख्या होतात आणि ६० अंश आपोआप मिळतात. त्यापेक्षा लांब बेल्ट असेल तर अजून चांगलं. ४५ च्या खाली शक्यतो जाऊ नका आणि ३० च्या खाली तर अजिबात नाही. छताची उंची कमी म्हणून लांब बेल्ट बसत नसेल तर स्प्रेडर बीम (हुकाखाली आडवा लटकणारा बीम, ज्याच्या टोकांपासून बेल्ट सरळ खाली येतात) बनवून घ्या, पण तो पण डिझाइन करून, टेस्ट करून, त्याच्यावर क्षमता लिहून. भंगारातलं चॅनल उचलून "हेच स्प्रेडर" असं नको.

आता चिरण्याचं. पॉलिस्टर बेल्ट ओढून सहसा तुटत नाही, चांगल्या बेल्टला सातपट सेफ्टी फॅक्टर असतो, म्हणजे लिहिलेल्या क्षमतेच्या सातपट भारापर्यंत तो तुटत नाही, पण कडेवर तो सुरी लावल्यासारखा कापला जातो. गॅसने कापलेल्या प्लेटची कड, चॅनलची धार, सगळ्यात वाईट. बेल्टच्या जाडीपेक्षा कडेची गोलाई कमी असेल तर ती कड धारदारच समजायची. मधे गोणपाट घालून काही होत नाही, तो बेल्टच्या आधी कापला जातो. उभा अर्धा कापलेला पाइपचा तुकडा कडेवर बसवा किंवा तयार कॉर्नर प्रोटेक्टर मिळतात ते वापरा. आणि तो चिरलेला बेल्ट आजच मधोमध कापून टाका, नुसता फेकू नका, कारण फेकलेला बेल्ट संध्याकाळी दुसराच कोणीतरी उचलून वापरतो.

प्रश्न: बेल्टचा रंग बघून क्षमता कळते असं म्हणतात, मग लेबल गेलं तरी चालेल ना? आणि स्वस्तातला बेल्ट घ्यावा का? (अंबड, नाशिक)

रंग खरा आहे: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८ आणि केशरी १० टन किंवा जास्त. पण रंग कोणालाही रंगवता येतो आणि उन्हात दोन वर्षं पडलेला केशरी बेल्ट पण आधी पिवळट दिसायला लागतो. म्हणून आधी लेबल, मग रंग. लेबलवर क्षमता, मटेरियल, लांबी, बनवणाऱ्याचं नाव, सिरियल नंबर पाहिजे. पॉलिस्टरचं लेबल निळं असतं. लेबल वाचता येत नसेल तर बेल्ट बाद, यात वाद नाही.

लेबलवर वेगवेगळे आकडे असतात ते पण बघा. सरळ लावला तर १००%, गळफासासारखा आवळून लावला तर ८०%, आणि खालून घेऊन दोन्ही टोकं सरळ हुकात अडकवली तर दुप्पट. बहुतेक ठिकाणी गळफास लावतात आणि पूर्ण क्षमता धरतात.

स्वस्ताबद्दल सांगायचं तर ज्याच्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट येतं आणि सर्टिफिकेटवरचा नंबर लेबलवरच्या नंबराशी जुळतो तो घ्या, मग किंमत बघा. अजून एक, बाहेरून आलेल्या मालाला कधीकधी पांढरे बेल्ट बांधलेले येतात, ते एकदाच वापरायचे असतात, माल पोचेपर्यंत. आपल्याकडे ते "चांगला आहे की, ठेव" म्हणून कपाटात जातात. ते उतरवल्या उतरवल्या कापा.

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ऑफ सिझनला मिल रोलर काढतो तेव्हा वायर रोप स्लिंग (माल उचलायचे तारेचे दोर) लागतात. काही स्लिंगच्या तारा तुटून हाताला टोचतात, सिनियर म्हणतात अजून एक सिझन जाईल. किती तारा तुटल्यावर स्लिंग टाकायचा? आणि यू क्लिप लावून आम्ही स्वतः डोळा (हुकात अडकवायचा टोकाचा फास) करतो ते बरोबर का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं ही चांगली गोष्ट आहे. रोपचा एक पेड पूर्ण एक वेढा फिरून परत वर येतो तेवढ्या लांबीला एक ले म्हणतात, २० मिमी रोपला ती साधारण १२० ते १४० मिमी भरते. खडूने पेडावर खूण करा, वेढा मोजा, तेवढ्या पट्ट्यात तुटलेल्या तारा मोजा. स्लिंगला एका ले मध्ये इकडेतिकडे मिळून १० तारा तुटलेल्या असतील किंवा एकाच पेडात ५ असतील तर स्लिंग बाद. डोळ्याच्या फेरुलजवळ (दाबून बसवलेल्या धातूच्या नळीजवळ) किंवा स्प्लाइसजवळ (पेड विणून केलेल्या जोडाजवळ) तुटलेल्या तारा दिसल्या तर मी आकड्याची वाट बघणार नाही, तिथेच थांबेन.

मोजायच्या आधी शोधायला कॉटन वेस्ट घ्या, हातात हातमोजे घाला आणि रोपवरून वेस्ट सावकाश ओढत न्या, जिथे धागे अडकून राहतील तिथे तार तुटलेली आहे. उघड्या हाताने रोप कधीच चाचपू नका. मग व्हर्निअरने जाडी मोजा, पण मापताना जबडे दोन पेडांच्या उंच भागावर आले पाहिजेत, खाचेत घातलं तर माप कमी येतं. नवीन असतानाच्या मापाशी तुलना करा, म्हणून नवीन स्लिंग आला की पहिल्याच दिवशी माप लिहून ठेवायचं. आणि रोप थोडा वाकवून पेडांच्या मधे बघा, आतून लाल पावडर पडत असेल तर आतल्या तारा गंजल्यात, बाहेरून कितीही ग्रीस लावलं तरी. कारखान्यात वाफ, मळीचं पाणी, चोथा, सगळंच असतं, म्हणून तुमच्याकडे ही आतली गंज बाहेरच्या तुटण्यापेक्षा जास्त धोक्याची आहे. किंक पडलेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला, किंवा वेल्डिंगचा चटका बसलेला स्लिंग असेल तर तारा मोजत बसूच नका.

यू क्लिपबद्दल स्पष्टच सांगतो, माल उचलायच्या स्लिंगला यू क्लिपचा डोळा नको. नट सैल होतात, रोपवर ताण आला की तो बारीक होतो आणि पकड सुटते. क्लिप तंबूचे, चिमणीचे ताण द्यायचे रोप असतात त्याला ठीक आहे, आणि तिथे पण क्लिपचा खाचा असलेला भाग ताण येणाऱ्या रोपवर आणि यू चा भाग मोकळ्या शेपटीवर यायला पाहिजे, ताण दिल्यावर नट परत आवळायचे. बऱ्याच ठिकाणी एक क्लिप अशी आणि एक तशी लावलेली असते, दिसायला छान दिसतं पण यू चा भाग ताणाच्या रोपला चेपून तोडतो. मिल रोलर हे कारखान्यातलं सगळ्यात जड काम, त्याला फेरुल दाबलेला, टॅग असलेला स्लिंग घ्या, आणि जर्नलवर (रोलरच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर) रोप थेट घासू देऊ नका, जर्नलचं पण नुकसान आणि रोपचं पण.

राहिलं सिनियरचं. त्यांना म्हणा, एक सिझन जाईल हे कशावरून, मोजलंय का? भांडू नका, खडू आणि व्हर्निअर घेऊन त्यांच्या समोर मोजा.

प्रश्न: शॅकलची (स्लिंग जोडायच्या यू आकाराच्या कडीची) पिन हरवली तर त्याच मापाचा बोल्ट टाकला तर चालतो का?

नाही. पिन त्या शॅकलच्या क्षमतेप्रमाणे बनवलेली असते, बाजारातला बोल्ट कुठल्या ग्रेडचा आहे, थ्रेड कुठपर्यंत आहे काहीच माहीत नसतं आणि बोल्टचा थ्रेड असलेला भाग भाराखाली आला की तो तिथून जातो. पिन हरवली की शॅकल बाद. स्क्रू पिन पूर्ण बसवा, आणि फिरणारा, घसरणारा रोप पिनवर येऊ देऊ नका, तो पिन उघडत जातो, रोप नेहमी कमानीच्या बाजूला. जास्त दिवस लटकत राहणार असेल तर नट आणि कॉटर पिनवाला शॅकल घ्या. बो शॅकलला (गोल, रुंद कमानीच्या) आडवी ओढ दिली तर क्षमता घटते, ४५ अंशाला ७०% धरा आणि पूर्ण आडव्याला निम्मी. डी शॅकलला (अरुंद, सरळ बाजूंच्या) आडवी ओढ द्यायचीच नाही.

प्रश्न: आम्ही शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतो. कास्टिंग नॉक आउटनंतर (साचा फोडून बाहेर काढल्यावर) लगेच बेल्टने उचलतो, बेल्ट कडक होतात. काय वापरायचं? आणि मोटरच्या डोक्यावरच्या आय बोल्टला तिरका स्लिंग लावतो, त्याबद्दल पण सांगा.

बेल्ट कडक झाला म्हणजे तो वितळायला लागलाय. पॉलिस्टर बेल्टची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, नॉक आउट झालेलं कास्टिंग त्याच्या कितीतरी वर असतं. तिथे ग्रेड ८० ची अलॉय चेन स्लिंग लावा, २०० अंशापर्यंत पूर्ण क्षमता, २०० ते ३०० मधे ९०%, ३०० ते ४०० मधे ७५% आणि त्यावर वापरायची नाही. कड्यावर ८ किंवा ८० असा आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या. सरळ एका पायाला ८ मिमी चेन २ टन, १० मिमी ३.१५ टन, १३ मिमी ५.३ टन. वजनाला जड वाटते पण फाउंड्रीत तीच टिकते. चेन जास्त लांब पडते म्हणून गाठ मारतात, कड्यात बोल्ट घालून दोन तुकडे जोडतात, दोन्ही बंद करा, लांबी कमी करायला शॉर्टनिंग क्लच मिळतो. आणि तुमच्याकडे पिकलिंगची (ॲसिडने गंज काढायची) टाकी असेल तर ही चेन ॲसिडमध्ये बुडवू नका, वरून काही दिसत नाही पण पोलाद ठिसूळ होतं आणि मग कडी न ताणता एकदम तुटते.

आय बोल्ट. खांदा नसलेला साधा आय बोल्ट फक्त सरळ वर उचलायला, तिरकं अजिबात नाही. खांदा असलेला, पूर्ण आत बसलेला, खांदा मशीनला टेकलेला, असा असेल तरच थोडं तिरकं चालतं आणि तेव्हा पण क्षमता कमी होते. एम १६ चा डिन ५८० (आय बोल्टचं जर्मन स्टँडर्ड) बोल्ट सरळ ७०० किलो घेतो, तोच ४५ अंशात ५०० च घेतो, एम २० सरळ १२०० आणि ४५ अंशात ८६०. ओढ कड्याच्या सपाटीतच आली पाहिजे, आडवी आली की बोल्ट वाकतो. खांदा टेकूनही कडं दिशेला येत नसेल तर खाली पातळ वॉशर घालून फिरवून घ्या, खांदा मोकळा ठेवून नाही. रोज तिरकंच उचलायचं असेल तर स्विव्हल रिंग (ओढीच्या दिशेला फिरणारं कडं) घ्या. आणि मोटरवरचा आय बोल्ट फक्त मोटरसाठी असतो. मोटर, गिअर बॉक्स आणि बेस फ्रेम सगळं जोडून त्या एकाच कड्याने उचलताना मी पाहिलंय, तसं कृपा करून करू नका.

प्रश्न: आम्ही शेतकरी माणसं, कंपनीतलं काही नाही. बोअरमधली सबमर्सिबल मोटर तिपाई आणि चेन पुलीने काढतो. १ टनाची चेन पुली पुरते का? मोटर तर ६० किलोचीच आहे. (शिरूर तालुका)

दादा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. बोअरवर हे काम रोज होतं आणि तिथे हेल्मेटसुद्धा नसतं.

मोटर ६० किलोची पण खाली लटकलंय काय ते मोजा. २ इंची जीआय पाइप मीटरला साधारण ५ किलो, त्यात अडकलेलं पाणी मीटरला २ किलोच्या वर, कारण नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाणी खाली जाऊ देत नाही. २०० फूट म्हणजे ६१ मीटर धरा, साडेचारशे किलोच्या आसपास नुसता पाइप आणि पाणी, वर मोटर आणि केबल, म्हणजे पाचशेच्या वर. १ टनाची चांगली पुली याला पुरते. पण मोटर गाळात अडकलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वजन किती येतंय ते कोणालाच माहीत नसतं. चेन पुली एका माणसाच्या हाताने ओढायला बनवलेली असते, एकाने ओढून हलत नाही म्हणून दोघं तिघं लटकतात, तिथेच चेन, हुक किंवा तिपाईचा पाय जातो. एकाने ओढून सरकत नाही म्हणजे थांबायचं. ट्रॅक्टरने झटका तर मुळीच द्यायचा नाही.

तिपाईचे पाय सरकू नयेत म्हणून तिन्ही पाय खाली दोराने किंवा साखळीने एकमेकांना बांधा आणि मऊ जमिनीत खाली फळी घाला. हुकाला लॅच (हुकाचं तोंड बंद ठेवणारी पट्टी) पाहिजे. पुलीची लोड चेन पाइपला गुंडाळून परत हुकात अडकवायची नाही, पाइपला कॉलम क्लॅम्प लावायचा आणि त्यालाच हुक. पाइप सोडवताना खालच्या पाइपला दुसरा क्लॅम्प बोअरच्या केसिंगवर नीट टेकलाय हे हलवून बघा, मगच वरचा सोडा. आणि वर विजेची तार कुठे जाते ते सगळ्यात आधी बघा, २० फुटी पाइप उभा बाहेर येतो तेव्हा तो तारेपर्यंत पोचतो.

प्रश्न: मी चाकणला सेफ्टी ऑफिसर म्हणून नवीनच लागले आहे. सगळ्या टॅकलचे (उचलायच्या बेल्ट, स्लिंग, शॅकल वगैरे सामानाचे) कागद आहेत पण प्रत्यक्षात कुठला बेल्ट कुठल्या कागदाचा हेच कळत नाही. शिवाय यार्डात हायड्रा (माल लटकवून चालणारी चाकांची क्रेन) माल घेऊन चालते आणि हेल्पर हाताने माल धरून बरोबर पळतात. सुरुवात कुठून करू?

ताई, हायड्रापासून करा, आजच. कागद चार दिवस थांबतील.

हायड्राच्या ड्रायव्हरसमोर बूम (क्रेनचा लांब हात) असतो आणि त्याच्यापुढे माल, समोरचा माणूस त्याला नीट दिसतच नाही. मालाला हात लावून चालणारा हेल्पर अडखळला की तो सरळ पुढच्या चाकाखाली जातो, ड्रायव्हरला कळत पण नाही. दुसरं, या क्रेनची लिहिलेली क्षमता बूम अगदी जवळ असतानाची असते, बूम बाहेर काढला की क्षमता झपाट्याने घटते, वळताना मधून मोडते तेव्हा भार बाजूला जातो आणि त्यात खड्डा आला की गाडी कलंडते. म्हणून लांब अंतरावर माल न्यायचा असेल तर ट्रेलरवर ठेवून न्या, हायड्राने फक्त चढवा उतरवा. अगदीच घेऊन चालायचं असेल तर माल जमिनीपासून जेमतेम वर, रस्ता मोकळा, मालाला दोन बाजूंनी टॅग लाइन (माल सावरायला बांधलेला दोर), आणि ती धरणारे चाकाच्या रेषेपासून लांब, बाजूला. टॅग लाइन हाताला गुंडाळायची नाही, हे खास सांगा, सगळे गुंडाळतात. सिग्नल एकच माणूस देणार, पण "थांब" कोणीही म्हणालं तरी थांबायचं. आणि कुठलाही माल आधी दहा पंधरा सेंटिमीटर उचलून थांबवा, तोल बघा, स्लिंग बसलेत का बघा, मग पुढे.

आता कागद. फॅक्टरी ॲक्ट, १९४८ च्या कलम २९ मध्ये क्रेन, चेन, रोप आणि सगळं लिफ्टिंग टॅकल कॉम्पिटंट पर्सनकडून (मान्यता असलेल्या तपासनिसाकडून) वर्षातून निदान एकदा तपासून घ्यायचं, त्यावर सुरक्षित भार लिहिलेला पाहिजे आणि त्याच्यावर भार घ्यायचा नाही असं आलंय, होइस्ट आणि लिफ्ट कलम २८ प्रमाणे दर सहा महिन्यांनी. हा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षेच्या कोडमध्ये सामावलाय, तरी तुमच्या कंपनीला आता नेमका कुठला नियम लागतो ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून विचारून घ्या. पण वर्षातून एकदाचा कागद म्हणजे बाकी ३६४ दिवस बघायचं नाही असं नाही, रोज वापरणाऱ्याने वापरायच्या आधी बघायचंच.

बेल्ट आणि कागद जुळवायला सगळं टॅकल एका दिवशी एका खोलीत आणा, अगदी ठेकेदाराच्या गाडीतलं पण, कारण बाद माल बहुतेक तिथेच लपलेला असतो. नंबर नाही, लेबल नाही, ते सगळं वेगळं काढा आणि कापा, वरिष्ठांसमोर कापा म्हणजे नवीन खरेदीची सही लवकर मिळते. राहिलेलं खुंट्यांवर टांगा, प्रत्येक खुंटीला नंबर, देताना रजिस्टरला सही, परत येताना बघून घ्यायचं. तिमाहीला एक रंग ठरवून तपासलेल्या टॅकलला तो रंगाचा पट्टा मारा, म्हणजे लांबूनच कळतं की हा या तिमाहीचा आहे का नाही. वेल्ड केलेल्या चेनला किंवा हुकाला मात्र पेंट मारून झाकू नका, तडा लपतो.

क्रेनची लोड टेस्ट करायची वेळ आली की एक गोष्ट लक्षात ठेवा. १ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली आणि ११ जण गेले. टेस्टमध्ये क्षमतेच्या १२५ टक्के भार लावतात, म्हणजे काही कमजोर असेल तर ते त्याच दिवशी तुटणार. त्या दिवशी फोटो काढायला, बघायला, सहीसाठी म्हणून जी गर्दी जमते ती जमू देऊ नका. दोरी लावून भाग बंद करा, आत फक्त ज्यांचं काम आहे तेच, आणि वजनाखाली कोणीच नाही, तपासणारा साहेब असला तरी नाही.

आणि वजन काढायला हेल्परना पण शिकवा. १ मिमी जाडीची १ चौरस मीटर पोलादी प्लेट ७.८५ किलो. २५०० बाय १२५० ची २० मिमी प्लेट म्हणजे ४९० किलो. गोल बारला व्यासाचा वर्ग भागिले १६२, ते मीटरचं वजन, २०० मिमीचा ३ मीटर शाफ्ट ७४० किलोच्या आसपास भरतो. हे दोन हिशोब टॅकल रूमच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, बाजूला बेल्टच्या कोनाचं चित्र काढा, ६० ला हिरवा रंग आणि ३० ला लाल. तुमच्या यार्डातल्या हायड्राच्या लोड चार्टचा (बूम किती बाहेर असताना किती भार चालतो त्या तक्त्याचा) फोटो पण तिथेच लावा, आणि चार्ट सापडत नसेल तर मालकाकडून येईपर्यंत ती गाडी आत घेऊ नका.